आईची गाठ, एक लिटर नऊशे

टारवुड, गिप्सलंड
मंगळवार सकाळ

ती. स्व. विन्नीताईस,

धाकट्या भावाचा उभ्यानेच केलेला नमस्कार. (वाकलो असतो. पण कंबर वाकू देत नाही, आणि या आठवड्यात कुणापुढेही वाकायचे नाही असे मी ठरवले आहे. तुझ्यासाठी अपवाद केला तर बाकीचे रांग लावतील.)

तुझा गुडघा कसा आहे? औषधाच्या दुकानात चाळीस वर्षे उभी राहिलीस, त्याची वसुली तो आता करत असणार. लिंबाच्या झाडाला यंदा तरी लिंबे धरली का? नसतील तर झाडाशी कडक शब्दांत बोल. मी ग्लेनिसच्या टोमॅटोंशी बोलतो. परिणाम काही दिसत नाही, पण बोलल्याचे समाधान असते.

आम्ही दोघे बरे आहोत. मी तर एकाहत्तराव्या वर्षी धडधाकट आहे. हिवाळा लागला तशी, जूनपासून, डॉक्टर एक बारीक पांढरी गोळी देतात. ती कशाची हे लिहिण्यासारखे नाही आणि तिचा या पत्राशी काही संबंध नाही. बिघडला आहे तो काळ. ग्लेनिसची ओटची बिस्किटे तुला आठवतात. या हिवाळ्यापासून ती भुशासारखी लागतात. एक बिस्किट घशाखाली उतरवायला दोन कप चहा लागतो. मी तिला स्पष्ट विचारले, लोणी कमी पडते का. ती तीन दिवस बोलली नाही. (चौथ्या दिवशी बोलली. तिसरा दिवस बरा होता.) पाकिटांच्या डिंकाचेही तेच. जीभ फिरवून फिरवून माणूस दमतो आणि पाकीट आपले उघडेच. पाकिटे करणाऱ्या कंपनीला मी तक्रारीचे पत्र लिहिले; ते पाकिटात बंद होईना, म्हणून अजून टेबलावर आहे. कोणीही कोणतीही वस्तू आता मन लावून करत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ यातच आहे. माल निकृष्ट निघतो आणि दोष माझ्या माथी येतो.

परवा बादलीचा रविवार झाला. तू लग्न होऊन गीलाँगला गेलीस तेव्हा बादली पत्र्याची होती, आता प्लॅस्टिकची आहे, एवढाच फरक. तरी सगळे पुन्हा लिहितो, कारण माझी तक्रार नियमांवर उभी आहे आणि नियम मला तोंडपाठ आहेत. मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी क्लबच्या प्रत्येक सभासदाने आपली गाठ सिद्ध करायची. सर्वांना एकाच रिळातला दोरा मिळतो. आपण आपल्या हाताने गळाला गाठ मारायची. गळ तुळईच्या खिळ्याला अडकवायचा. दोऱ्याचे दुसरे टोक केरसुणीच्या दांड्याच्या तुकड्याला आठ वेढे देऊन गुंडाळायचे (तिथे गाठ नको, नाहीतर तुटली कोणती यावर भांडण) आणि त्या दांड्याला बादली. मग नोला ट्रेडगोल्ड, आपल्या अध्यक्ष, मापाच्या भांड्याने बादलीत पाणी ओततात. दोरा तुटेपर्यंत. किती पाणी पेलले ते फळ्यावर खडूने लिहितात. बाईंनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे बादलीचे वजनही त्या न विसरता पाण्यात मिळवतात आणि नापास झालेल्याकडे अजून त्याच नजरेने बघतात.

ज्याची बादली सर्वांत आधी पडते, त्याला हंगामाच्या पहिल्या शनिवारी होडीत जागा नाही. त्याने एप्रन घालून धक्क्यावरच्या टेबलापाशी दिवसभर बसायचे, इतरांनी आणलेले मासे तोलायचे आणि सँडविचे कापायची. आणखी एक नियम आहे, चौथा. गाठ ज्याची त्याने स्वतःच्या हाताने मारावी. गाठीला थुंकीखेरीज काहीही लावू नये. हा अठ्ठ्याऐंशी साली आला. त्या वर्षी एकाने पाण्याचा पेला म्हणून शेजारी ठेवला त्यात पातळ केलेला गोंद होता. (त्याची बादली पडलीच नाही. खिळाच उपटून आला.) तेव्हापासून पेला बंद, ओले फडके बंद. गाठ ओठांत धरायची, ओली करायची आणि ओढायची.

आता दोऱ्याचे सांगतो. आपल्या लहानपणी साधा नायलॉनचा तंगूस होता. मऊ, ताणला की ताणणारा, समजूतदार. आता सगळ्यांनी फ्लोरोकार्बन धरला आहे. तो पाण्यात दिसत नाही. ब्रीम हा संशयी मासा. कोळंबी बघतो, कोळंबीच्या मागचा दोरा बघतो, दोऱ्यामागची होडी बघतो आणि मग निघून जातो. त्याला क्लबात घेतले तर दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी होईल. त्याला फसवायला हा न दिसणारा दोरा. तो मला पाण्याबाहेरही दिसत नाही, पण ते जाऊ दे. तो ताठ असतो. रिळावर ज्या आकारात राहिला तो आकार विसरत नाही. जुन्या गाठी त्याच्यावर बसत नाहीत, घसरतात, असे म्हणतात. कोण म्हणते? तो दोरा जो विकतो तो.

तो दोरा विकते जॅसिंटा. आपल्या जुन्या बेकरीच्या जागी आमिषाचे दुकान टाकले आहे तिने. चौतिसाची आहे, हुशार आहे, हात चलाख आहेत, आणि या तिन्ही गोष्टी तिला माहीत आहेत. ती पालोमार नावाची गाठ मारते. दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढायचा, साधी एक गाठ, मग सबंध गळच त्या फासातून बाहेर. सात वर्षांचे पोर मारील अशी गाठ आहे. मला सोपेपणाचे वावडे नाही, पण ज्या गाठीत पाच वेढे नाहीत तिच्यात माणसाने काय केले, हा प्रश्न राहतो. मॅनोलिस युनी नावाची गाठ मारतो. (मॅनोलिस तुला माहीत आहे. सत्तावीस वर्षे आम्ही एका होडीत बसतो. तो मागे इंजिनाजवळ, मी पुढे. तो बोलत नाही आणि मी बोलतो, म्हणून टिकले.)

मी आईची गाठ मारतो. तू आणि मी दोघेच उरलो ती मारणारे, आणि तू तर गेली तीस वर्षे गळाला हातही लावलेला नाहीस. पाच वेढे, टोक पहिल्या फटीतून आत, मग मोठ्या फासातून मागे. मग आई गाठ ओठांत धरायची, क्षणभर थांबायची आणि सावकाश ओढायची. त्या थांबण्यात ती माशाला काहीतरी सांगते असे मला वाटे. ती शिव्या देते, असे तू म्हणायचीस. धक्क्यावर, भांडी घासून मऊ पडलेल्या हातांनी, पाठीला टेकून तू आणि पायाशी मी. त्या गाठीने आपल्याला जेवू घातले आहे, हे कोणी फळ्यावर लिहीत नाही.

तर रविवारी माझी पाळी आली. मी पाच वेढे घातले. टोक काढले, मागे घेतले, ओठांत धरले, थांबलो, ओढले. तसूभर इकडे तिकडे नाही. गळ खिळ्याला लावला, बादली टांगली. नोलाबाईंनी भांडे उचलले. या वेळी सगळे भिंतीला टेकून गप्प उभे राहतात, रिवाज आहे. त्या गप्पपणात माझी बादली पडली. बाईंनी दुसरे भांडे अजून नीट कलवलेही नव्हते. पाणी त्यांच्या बुटांवर गेले. त्यांनी बूट बघितले, मला बघितले आणि फळ्यावर लिहिले: विकरी, एक लिटर नऊशे.

साडेचार किलो पेलणारा दोरा, ताई. जॅसिंटाचे चार लिटर दोनशे. मॅनोलिसचे तीन नऊशे. ज्याला मोतीबिंदू आहे त्याचेही तीन झाले. क्लबच्या इतिहासात माझ्याखाली एकच नाव आहे, चौऱ्याहत्तर सालच्या पाद्रीसाहेबांचे, आणि ते गाठ मारायलाच विसरले होते.

मला वाटले होते लोक हसतील. हसले नाहीत. हसले असते तर मी दोन शब्द बोलून घरी आलो असतो. जॅसिंटा जवळ आली आणि हळू आवाजात, जसे आजाऱ्याशी बोलतात तसे बोलली. म्हणाली, "आर्नकाका, आईची गाठ आईच्या तंगुसाला बरी होती. हा वेगळा आहे. मी शिकवते की दोन मिनिटांत. कुणाला कळणार नाही."

मी म्हणालो, "न दिसणाऱ्या वस्तूचे एवढे पैसे घेणारी टारवुडात दोनच माणसं. एक पाद्री आणि एक तू. निदान मला गाठ शिकवायला येऊ नये, इतकं पाद्रीला कळतं."

"मग शनिवारी सँडविच काकडीचं करा," ती म्हणाली. "मॅनोलिसकाकांना टोमॅटो चालत नाही."

मॅनोलिसला टोमॅटो चालत नाही हे मला ती सांगते. सत्तावीस वर्षांत त्या होडीत मी एकदाही टोमॅटो नेलेला नाही. पण तिने हे उगीच काढले नसावे, असे मला वाटले. मी मॅनोलिसकडे बघितले. तो टोपी उलटी सुलटी करत होता. म्हणाला, शनिवारी तो जॅसिंटाला घेईल. तिला जोडीदार नाही, आणि एकट्याने गेला तर त्याच्या वजनाने होडी मागे बसते आणि नाक वर जाते. हे खरे आहे. पुढे मी बसतो म्हणून ती होडी सरळ चालते. मी त्या होडीचा अर्धा तोल आहे. मग तो म्हणाला, "गाठ बदल, आर्न. गाठच आहे ती." मी विचारले, तुझ्या आईचे नाव काय होते. तो म्हणाला, यात माझी आई कुठे आली. मी म्हणालो, तुझी नाहीच आली, म्हणून तुला बोलणे सोपे आहे.

एवढे झाल्यावर मी जे केले ते तुला आवडणार नाही. सभासदाला आयुष्यात एकदा दुसरी बादली मागता येते. एकदाच. मी ती मागितली. टेबलावर हात आपटून मागितली (टेबल लोखंडी आहे, हात अजून दुखतो). येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे पहिल्या शनिवारच्या बरोबर सहा दिवस आधी, दहा वाजता. आणि भर सभेत सांगून आलो की गाठ हीच असेल. दुसरी कोणतीही नाही. ती पडली तर या वर्षी काय, यापुढे दर वर्षी मी एप्रन घालीन. नोलाबाईंनी तेही लिहून घेतले. मी बोलण्याच्या ओघात बोललो होतो, पण बाईंचे शुद्धलेखन चांगले आहे आणि लिहिलेले आता पुसता येत नाही.

घरी येऊन मी तपास सुरू केला. तुटलेले टोक ग्लेनिसच्या भिंगाखाली धरले. गाठ घसरली असती तर दोऱ्याचे टोक डुकराच्या शेपटासारखे वळलेले दिसते. हे जॅसिंटाही मानते. माझे टोक सरळ होते. सरळ, आखूड, थोडे पांढुरके. म्हणजे गाठ घसरलेली नाही. गाठीने शेवटपर्यंत धरून ठेवले आणि दोरा गाठीपाशी तुटला. आई निर्दोष आहे. हे मी पाकिटात घालून नोलाबाईंकडे पुरावा म्हणून पाठवणार होतो (पाकिटांबद्दल वर लिहिलेच आहे).

मग धुण्याच्या शेडमध्ये मी स्वतःची तुळई केली. त्याच रिळातला दोरा जॅसिंटाकडून विकत आणला. तिने पिशवीत पालोमारचे चित्र काढलेला कागद टाकला. मी तो परत नेऊन दिला, आणि बघितला नाही. (बघितला. चित्र स्वच्छ काढते पोरगी.) काल दिवसभर आईची गाठ अकरा वेळा मारली. सहा वेढे घालून बघितले, चार घालून बघितले. दर वेळी ओठांत धरली, दर वेळी सावकाश ओढली. एक लिटर आठशे, दोन लिटर, एक नऊशे. अकरा वेळा बादली पडली. ग्लेनिस दारात येऊन एकदा बघून गेली. काय करताय, असे विचारले नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

बाराव्या वेळी गाठ अर्धी ओढली असताना माझा चहाचा कप कलंडला आणि सगळा चहा दोऱ्यावर गेला. मी वैतागून तशीच ओढली. ती वेगळीच बसली. कुरकुर न करता, लोण्यात सुरी जावी तशी. बादली टांगली. तीन लिटर आठशे, ताई. मी परत चहा ओतून मारली. तीन सातशे. म्हटले, आता न्यायाने पालोमारही बघू. चहा ओतून पालोमार मारली, चार लिटर दोनशे. युनी, चार लिटर. मी कुणाची फसवणूक करत नाही, आकडे आहेत ते असे आहेत. पालोमार चारशे मिलीलिटरने पुढे आहे.

चारशे मिलीलिटरसाठी मी आई बदलणार नाही. हे मी शेडमध्ये मोठ्याने म्हणालो. ब्रीम काही चार लिटर दोनशेचा नसतो. तीन आठशेमध्ये नदीतला कोणताही ब्रीम वर येतो, आणि न येणारा आला नाही तरी चालेल.

चहाने दोरा मजबूत होतो, हा शोध माझा आहे आणि जॅसिंटाला तो ठाऊक नाही. अडचण एवढीच की चौथ्या नियमाने चहा चालत नाही. मग निकृष्ट दोऱ्यावर, कोरड्या हातांनी, नुसत्या आईच्या भरवशावर मी त्या रविवारी तुळईखाली उभा राहणार आहे. पडली तर पडली. विकरी घराण्याने दुसऱ्याची गाठ मारली असे कोणी म्हणू शकणार नाही. एप्रनमध्येही माणसाला ताठ बसता येते. मी काल ग्लेनिसचा घालून बघितला. येते.

गुडघ्याला जप. लिंबांचे कळव.

तुझा, न वाकलेला,
आर्नल्ड

ता. क. (बुधवार) काल पत्र पाकिटात घालून बंद करायला बसलो. डिंकावर जीभ फिरवली. नेहमीप्रमाणे काही नाही. पुन्हा फिरवली. वाळूच्या कागदाने दाराची कड घासावी तसा आवाज आला, ताई, आणि तो पाकिटाचा नव्हता. मी तसाच जीभ बाहेर काढून बराच वेळ बसलो. मग बिस्किट आठवले. मग दोन कप चहा. मग गोळीच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद काढला, जो मुंग्यांसाठी छापलेला असतो, आणि भिंगाखाली धरला. तिसरी ओळ: तोंडाला कोरड पडते. रविवारी मी गाठ ओठांत धरली होती, पण ओठांत काही नव्हते. कोरडा दोरा ओढला की स्वतःच्याच घर्षणाने गाठीत भाजतो. पांढुरके टोक त्याचेच होते. आई थांबायची तेव्हा माशाला काही सांगत नव्हती. शिव्याही देत नव्हती. ती तोंडाला पाणी सुटायची वाट बघायची.

तेव्हा वर दोऱ्याबद्दल, डिंकाबद्दल आणि काळाबद्दल जे लिहिले आहे ते वाचू नकोस. आईबद्दलचे वाच.

ता. क. २. गोळी कशाची ते आता लिहिणे भाग आहे, कारण काम तिथेच अडले आहे. गेल्या हंगामात सकाळच्या एका फेरीत मॅनोलिसला होडी चार वेळा काठाला लावावी लागली. माझ्यासाठी. चौथ्या वेळी त्याच्या गळाला मासा लागलेला होता आणि त्याने तो सोडला. तो एवढेच म्हणाला की नदी लांब आहे आणि काठाला झाडे पुष्कळ आहेत. पण मला कळले की असे दोन हंगाम गेले तर तो दुसरा जोडीदार बघेल, आणि त्याचे चूक नसेल. म्हणून गोळी. ती होडीतली जागा राहावी म्हणून सुरू केली आणि तिनेच जागा घालवली. गोळी घेतली तर गाठ बसत नाही. नाही घेतली तर मी बसू शकत नाही.

म्हणून विचारतो. त्या रविवारच्या आधी चार दिवस गोळी सोडली तर तोंडाला पाणी येईल का, की ते कायमचे गेले? किंवा तेच काम करणारी आणि तोंड न सुकवणारी दुसरी गोळी निघाली आहे का? तुझ्या जुन्या दुकानात विचार. नाव सांगू नकोस. एक नातेवाईक म्हण. दूरचा. फोन करू नकोस, फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात ग्लेनिस आहे. पेला मागण्याचा विचार केला होता, पण चौथा नियम आहे, आणि नियम मोडायची परवानगी मागितली तर कारण सांगावे लागेल. मी टेबलावर हात आपटून आलो आहे. ज्याने हात आपटला त्याने तीन दिवसांनी जाऊन मूत्राशयाबद्दल बोलायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. ३. ग्लेनिसला यातले काही ठाऊक नाही आणि होऊ द्यायचे नाही. गोळ्या मी गळांच्या डब्यात, सहा नंबरच्या गळांखाली ठेवतो. पाकीट माझ्याने बंद होत नाही आणि घरात चिकटपट्टी नाही, म्हणून तिला फक्त डिंक चाटायला देतो आहे. ती दुसऱ्याची पत्रे वाचत नाही.

विन्नीवन्सं, नमस्कार.

पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं.

गोळीचं मला जूनपासून ठाऊक आहे. त्या डब्यातली बारीक पक्कड मी माशांचे काटे काढायला घेते. हे म्हणाले नाहीत म्हणून मीही म्हणाले नाही. तुम्ही दुकानात विचारायला नको, गुडघ्याला त्रास होईल. मी सोमवारीच डॉक्टरांना विचारलं. गोळी सोडायची नाही. दुसरी आहे, पण ती महिनाभराने लागू पडते, आणि बादली त्याच्या आत आहे.

बिस्किटांत लोणी होतं तेवढंच आहे.

चौथा नियम मी क्लबात जाऊन वहीत वाचून आले. गाठ ज्याची त्याने स्वतःच्या हाताने मारावी, असं आहे. गाठीला थुंकीखेरीज काही लावू नये, असंही आहे. थुंकी कुणाची, हे लिहिलेलं नाही. नोलाबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "खरंच की, नाही लिहिलेलं." कारण त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या घरीही एक गोळी आहे.

तेव्हा त्या रविवारी मी यांच्या शेजारी उभी राहीन. पाच वेढे यांनी घालायचे, सासूबाईंचे. ओली मी करीन. ओढायची यांनी. कुणी काही म्हणालं तर सांगेन की लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, आता घरातली कुठली वस्तू कुणाची हे आम्ही बघत नाही. मॅनोलिसभावजींना निरोप दिला आहे की पुढची जागा धरून ठेवा. ते म्हणाले, धरलेलीच आहे, जॅसिंटाला त्यांनी अजून विचारलंसुद्धा नाही.

हे सगळं यांना तुम्ही कळवा, पत्राने. मी सांगणार नाही. यांनी आधी क्लबात, सगळ्यांसमोर, बिस्किटांबद्दल माफी मागायची आहे. वाकून. कंबरेचं मी बघते.

तोवर माझंही तोंड कोरडं आहे. हे पाकीट मी पाण्याने चिकटवते आहे.

तुमची,
ग्लेनिस